परराष्ट्र धोरण आपला विषय नाही, असे कोण म्हणते?

"आंतरराष्ट्रीय संबंध हे दिल्लीतल्या मोठ्या घरच्या पोरांचे विषय. आपल्या मुलांनी पोलीस भरतीची तयारी करावी." नायगावात, नांदेडात काम करताना हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकले आहे. दुःख याचे, की ते आपलीच माणसे बोलतात. त्यांच्यापुढे आम्ही इतिहास ठेवतो.

1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आंतरराष्ट्रीय संबंध हा स्वतंत्र विषय तेव्हा विद्यापीठांत रुजलाही नव्हता. त्याचे पहिले अध्यासन वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथला 1919 मध्ये निघाले. मग बाबासाहेबांनी काय केले? अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 आणि राज्यशास्त्राचे 3 अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन. ही यादी एका पदवीच्या साच्यात बसत नाही. आपल्या समाजाच्या प्रश्नाला जे जे ज्ञान लागेल, ते ते त्यांनी निवडले. 1915 चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर, तर 9 मे 1916 चा निबंध भारतातील जातींवर. साम्राज्य देशाला कसे लुटते आणि जात माणसाला कशी कोंडते, हे दोन्ही प्रश्न एकाच विद्यार्थ्याच्या टेबलावर होते.

या अभ्यासाचे फळ पुढे दिसले. 1946 मध्ये कृष्णवर्णीयांची संयुक्त राष्ट्रांकडे जाणारी याचिका मागवण्यासाठी त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. 1951 च्या राजीनाम्यामागे फक्त हिंदू कोड बिल होते, असे आपण सांगत राहतो. त्या निवेदनात परराष्ट्र धोरणावरही टीका आहे : 350 कोटींच्या वार्षिक महसुलातले 180 कोटी लष्करावर खर्च होतात, कारण आपल्याला मित्र उरले नाहीत. 1954 मध्ये राज्यसभेत त्यांनी तिबेट आणि पंचशील करारावर सरकारला सुनावले. माओचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता, तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, हा त्यांचा युक्तिवाद होता.

आता वर्तमान पाहा. 2001 च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला, तेव्हा भारत सरकारने विरोध केला. 2022 मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातील समाजावरचे संशोधन वगळण्यात आले. म्हणजे भारतातील जातींवर निबंध लिहिणारा 1916 चा विद्यार्थी या नियमात अपात्र ठरला असता! आपला प्रश्न आपण जगाच्या भाषेत मांडू नये, असे कुणाला वाटते, हे वेगळे सांगायला हवे काय?

म्हणून तरुणांनो, कॉलेजात हा विषय नसेल तर स्वतः आखा. समाजशास्त्रासोबत अर्थशास्त्र वाचा, संविधानासोबत संयुक्त राष्ट्रांचे जाहीरनामे वाचा, एक परकी भाषा शिका. गावातल्या वाचनालयात आठवड्याला एक अभ्यासवर्ग चालवा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात निघण्याआधी तयारीला लागा. भरतीची तयारी जरूर करा, पण जगाचा नकाशा दुसऱ्याच्या हाती सोडू नका.

जय भीम!