सीलिंग म्हणजे काय? वरचा पूर्णांक काढताना होणाऱ्या ३ चुका

सहलीला १२५ विद्यार्थी आहेत आणि एका बसमध्ये ४० जण बसतात. भागाकार येतो ३.१२५. जवळचा पूर्णांक घेतला तर ३ बस ठरतील आणि ५ विद्यार्थी मागे राहतील. इथे वरचा पूर्णांक, म्हणजे ४, घ्यावा लागतो. प्रोग्रॅमिंगमध्ये या क्रियेला ‘सीलिंग’ म्हणतात. हे नाव आणि त्याचे चिन्ह केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ मध्ये दिले. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट अशा भाषांमध्ये यासाठी ‘सील’ हे फंक्शन असते.

ते वापरताना ३ गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. आधीच कापलेला दशांश: सी आणि जावामध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार करताना दशांश भाग गळून पडतो. १२५ ÷ ४० चे उत्तर थेट ३ येते, त्यामुळे नंतर ‘सील’ लावूनही ३ च मिळतात. धन पूर्णांकांसाठी सोपा उपाय: (१२५ + ४० − १) ÷ ४०. याचे उत्तर ४ येते.

२. ऋण संख्या: −२.३ चे सीलिंग −३ नसून −२ असते, कारण −२ ही मोठी संख्या आहे.

३. पैशांचे हिशोब: संगणक १.१ ही संख्या अगदी अचूक साठवू शकत नाही. त्यामुळे १.१ × १०० चे उत्तर ११० पेक्षा किंचित जास्त येते आणि त्याचे सीलिंग १११ होते. ग्राहकाकडून १ पैसा जादा घेतला जातो. म्हणून रक्कम सुरुवातीपासूनच पैशांत, पूर्णांक म्हणून साठवणे चांगले.