भेंडी बाजार : जुनी दुकानं, नवे टॉवर

भेंडी बाजार हा दक्षिण मुंबईतला जुना बाजार. नळी निहारीसाठी नावाजलेलं हॉटेल नूर मोहम्मदी इथं १९२३ पासून आहे. बोहरी मोहल्ल्यातलं ताज आईस्क्रीम तर १८८७ सालचं. तिथं आजही संचा हातानं फिरवतात.

२००९ मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टनं साडेसोळा एकरांचा पुनर्विकास हाती घेतला. त्यात सुमारे २५० इमारती आणि १,२५० दुकानं येतात. ३१ ऑगस्ट २०१७ ला हुसैनी इमारत कोसळून ३३ जण दगावले. म्हणजे पक्की घरं हवीतच. पण रस्त्यावरच्या गिऱ्हाईकावर चालणारं दुकान वरच्या मजल्यावर गेलं, तर धंदा बसतो. म्हणून आम्ही म्हणतो, पगडीच्या दुकानदारांनी भाडेपावत्या, गुमास्ता परवाना जपावा आणि नवा गाळा कुठल्या मजल्यावर, किती फुटांचा, हे करारात लिहून घ्यावं.