हातोडीचा पुरावा

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले चार्ल्स मिलर फिशर यांनी १९५६ मध्ये तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांचेही डोळे फिरेनासे झाले होते, चालताना तोल जात होता आणि गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नव्हता. हातापायांतली ताकद मात्र बरीचशी शाबूत होती. ही तीन लक्षणं एकत्र दिसतात हे लंडनच्या जेम्स कॉलियर यांनी १९३२ मध्येच नोंदवलं होतं. फिशर यांनी त्या न उडणाऱ्या पायाचा अर्थ लावला. मेंदूत बिघाड झाला की असे झटके सहसा वाढतात. इथे ते नाहीसेच झाले होते. म्हणून दोष मेंदूबाहेरच्या नसांत असावा आणि हा १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांत वर्णन झालेल्या गुलेन-बॅरी आजाराचाच एक वेगळा अवतार असावा, असं त्यांनी मांडलं. पुढे फिशर सिंड्रोम म्हणून ओळखल्या गेलेल्या या आजाराचा शोध खऱ्या अर्थाने तिथे, रुग्णाच्या खाटेशी लागला असं माझं मत आहे. प्रयोगशाळेने त्यावर शिक्कामोर्तब केलं ते ३६ वर्षांनी.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. बर्मिंगहॅमचे एडविन बिकरस्टाफ यांनी १९५१ मध्ये क्लोक यांच्यासह आणि पुन्हा १९५७ मध्ये जवळपास असेच रुग्ण पाहिले. त्यांनाही डोळ्यांचा लकवा होता, तोल जात होता. शिवाय गुंगीही होती. त्यांनी दोष मेंदूच्या देठात धरला. दोन निष्णात डॉक्टर आणि निदान परस्परविरुद्ध, मग नुसत्या तपासणीवर भरवसा कसा ठेवायचा? नस की मेंदू हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला हेही खरं. पण मूळ नोंदी पाहिल्या तर भांडण अनुमानांचं होतं, निरीक्षणांचं नव्हतं. आपल्या काही रुग्णांतही झटके नाहीसे झालेत आणि हा प्रकार गुलेन-बॅरीच्या जवळ जातो, हे बिकरस्टाफ यांनी स्वतःच नोंदवलं. आपल्या मताला अडचणीची ठरणारी खूण त्यांनी गाळली नाही, म्हणूनच पुढे दोन्ही आजार एका सूत्रात बांधता आले.

ते सूत्र रक्तात सापडलं. १९९२ मध्ये जपानमध्ये चिबा, कुसुनोकी आणि सहकाऱ्यांना फिशर सिंड्रोमच्या रुग्णांच्या रक्तात जीक्यू-वन-बी नावाच्या स्निग्ध रेणूविरुद्धच्या अँटीबॉडी आढळल्या. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड नसांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी डोळ्यांचे स्नायू हलवतात, आणि नेमक्या त्याच नसांत हा रेणू भरपूर असतो. कॅम्पायलोबॅक्टर या जुलाबाच्या जिवाणूच्या आवरणातही त्याच्याशी मिळतेजुळते रेणू असू शकतात. त्या जंतूविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी नसांवरच तुटून पडतात; डोळ्यांचीच हालचाल का थांबते, या कोड्याचं उत्तर हे. बिकरस्टाफ यांनी वर्णिलेल्या आजाराच्या बऱ्याच रुग्णांतही पुढे हीच अँटीबॉडी मिळाली. अर्थात सगळ्यांच्या रक्तात ती सापडत नाही, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निदान आपोआप रद्द होत नाही. लक्षणं पाहून शंका घेणारा डॉक्टर नसेल तर ही चाचणी सुचणारच कुणाला?

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरीची साथ आली तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच कॅम्पायलोबॅक्टर सापडला. फिशर सिंड्रोम त्या आजाराचा दुर्मीळ भाऊ आहे आणि त्यातून बहुतेक रुग्ण काही महिन्यांत बरे होतात. पण काहींत अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतो. म्हणून जुलाब किंवा सर्दी-तापानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत कुणाला एकाचे दोन दिसू लागले, पाय लटपटू लागले, तर चष्म्याचा नंबर तपासण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या आणि आधीच्या जुलाबाची किंवा तापाची हकीकत डॉक्टरांना आपणहून सांगा.