हंटर, जंगल बूट आणि माझे फोड

तर मंडळी, गेल्या शनिवारी आतकरवाडीतून सिंहगड चढलो. वारज्यात राहणाऱ्याला गड म्हणजे घरचंच अंगण, पण या वेळी पायात नवेकोरे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट होते. किंमत विचारू नका, बायकोलाही अजून सांगितलेली नाहीये :) अर्ध्या वाटेत पाऊस कोसळला. पँटवरून ओघळलेलं पाणी बुटात शिरलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. उतरेपर्यंत दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड! बरोबरचा मित्र मात्र कॅनव्हासच्या स्वस्तातल्या हंटर शूजमध्ये फचक फचक करत मजेत खाली पोचला. हे काय गौडबंगाल? रविवारभर पाय वर करून तेच वाचत बसलो.

फोड घासल्यामुळे येतो हे अर्धंच खरं. मोजा कातडीला धरून ठेवतो, आतलं हाड मात्र पुढे-मागे सरकत राहतं. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी भरतं. कातडी ओलसर असली की मोजा तिला जास्त घट्ट धरतो, म्हणजे ओढ आणखी वाढते.

यावरचे उपाय जुनेच आहेत. फ्रान्सिस गाल्टनने (हो, आपल्याला कोरिलेशन शिकायला लावणारा तोच!) १८५५ च्या 'द आर्ट ऑफ ट्रॅव्हल'मध्ये मोज्याला आतून साबणाचा दाट फेस फासायला सांगितलंय. कातडं मऊ पडावं म्हणून बुटात कच्चं अंडंही फोडायला सांगतो, ते आपण सोडून देऊ. रशियन सैनिक तर थेट २०१३ पर्यंत मोज्यांऐवजी पायाला फडकी गुंडाळत होते. ओलं टोक वर, कोरडं टोक पावलाला, की पुन्हा चालायला मोकळे.

पण मला खरं उत्तर मिळालं ते जंगल बुटात. युरोपातला चामड्याचा बूट पाणी बाहेर ठेवायला बनलेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला जंगलात लढायचं होतं, तिथे हे जमणारच नव्हतं. म्हणून १९४२ च्या सुमारास कॅनव्हास आणि रबराचे बूट आले. पाणी आत येणारच, मग ते लवकर बाहेर जाऊ दे, असा सरळ हिशोब. व्हिएतनामच्या वेळच्या बुटांना तर तळव्याजवळ पाणी निघायला भोकंच ठेवली होती. आपला हंटर याच भावकीतला. सह्याद्रीतल्या पोरांनी तो घेतला स्वस्त म्हणून, पण जुलैतल्या सह्याद्रीला तोच बरोबर होता!

अर्थात हंटर काही देवदूत नाही. तळवा पातळ, दगड टोचतात. पुढे अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट आले, २००९ नंतर डेकॅथलॉन आलं आणि पायांचे लाड सुरू झाले. मापाची बोंब मात्र तशीच. ब्रॅनॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२० च्या दशकात पाय मोजायचं यंत्र काढलं, ते लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर अशी तीन मापं घेतं. आपण दुकानात जाऊन सांगतो, "नऊ नंबर द्या." तीन व्हेरिएबल्स, इनपुट एक!

पुढच्या वेळी संध्याकाळी जाणार, पाय सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून. दुकानात उतार असेल तर त्यावर उतरून बघणार. बोटं पुढे आपटली की जोडी परत. टाच उचलली गेली तरी परत.

वॉटरप्रूफ जोडी आता दिवाळीनंतरच्या राजगडासाठी ठेवलीय. या शनिवारी पुन्हा आतकरवाडी, मित्राच्याच दुकानातले हंटर, टाचेला पेपर टेप आणि सॅकमध्ये मोज्यांचा कोरडा जोड. फक्त "मग ते नवीन बूट का नाही घातलेस?" याला काय उत्तर द्यायचं, ते अजून सुचलेलं नाही.