कटआउटपासून आरआरपर्यंत: येरवड्यातली चार्जिंगची दुरुस्ती

मोटारसायकलची बॅटरी वरचेवर पाणी पिऊ लागली की संशय आधी रेग्युलेटरवर घ्यायचा, हा ऑटो इलेक्ट्रिशियनांचा जुना ठोकताळा. येरवड्यात या कामाला तोटा नाही. पुणे स्टेशनकडची वाहने बंडगार्डनपाशी नदी ओलांडून इथे उतरतात आणि नगर रस्ता, विमानतळ, आळंदी रस्ता अशी फुटतात. १८६९ मध्ये फिट्झजेराल्ड पूल झाला तेव्हा हिशोब टांगे-बैलगाड्यांचा होता. आज त्याच वाटेला दुचाकींची रांग लागते.

पुण्यातल्या दुचाकींच्या पहिल्या मोठ्या लाटेत मात्र हा आजारच नव्हता. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून व्हेस्पा आयात केल्या, पुढे बजाज ऑटोने आकुर्डीत स्कूटर बनवल्या आणि १९७२ मध्ये चेतक आली. यांतल्या बहुतेक गाड्यांना बॅटरीच नसे. फ्लायव्हील मॅग्नेटोची वीज थेट दिव्याला जायची. रेस वाढवली की दिवा झगझगीत, मंदावली की मिणमिणता, आणि बल्ब उडाला की नवा घालायचा.

बॅटरी उकळण्याची तक्रार आली ती म्हैसूरच्या जावा-येझदी आणि मद्रासच्या बुलेटमुळे. जुन्या जावाला ६ व्होल्टचा डायनमो होता आणि त्याच्यावर पहारा कटआउट-रेग्युलेटरचा. गुंडाळी, स्प्रिंगने ताणलेली पत्ती आणि पॉइंट एवढाच त्याचा संसार. व्होल्टेज चढले की गुंडाळी पत्ती ओढून घेई आणि डायनमोचा जोर कमी करी. स्प्रिंग जादा ताणलेली असली तर पत्ती उशिरा हलायची आणि बॅटरीला गरजेपेक्षा जास्त करंट जायचा. इलेक्ट्रिशियन झाकण काढून पॉइंट बारीक पॉलिशपेपरने घासत आणि स्प्रिंगचा ताण अंदाजाने कमी-जास्त करत. सगळे काम हाताच्या सवयीवर चाले, आणि कसबी माणसाचा अंदाज सहसा चुकत नसे.

१९८०च्या दशकात जपानी सहकार्याच्या गाड्या आल्या: १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. हळूहळू १२ व्होल्ट रुळले. डायनमोचे ब्रश गेले आणि फिरत्या चुंबकाचा अल्टरनेटर आला. त्याचे चुंबक कायमचे असल्याने उगमापाशीच जोर कमी करता येत नाही. म्हणून जादा वीज थायरिस्टरमार्फत अर्थला सोडून तिची उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांनी हवेत टाकायची, अशी रचना रूढ झाली. एसीचे डीसी करणारा रेक्टिफायरही त्याच डबीत बसला, आणि सगळे राळेत ओतून सीलबंद झाले. गॅरेजमध्ये याला आरआर म्हणतात. घासायला पॉइंट नाही, फिरवायला स्क्रू नाही. डबी फोडून दुरुस्त करण्याचा नाद बहुतेकांनी सोडला आणि मल्टिमीटर हाती घेतला.

थायरिस्टर उघडा पडला तर वीज अडवणारे कोणी उरत नाही आणि बॅटरी जादा चार्ज होते. तो शॉर्ट झाला तर उलट चार्जिंगच बंद पडते. जादा चार्जिंगमध्ये बॅटरीतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात. पाणी घालायच्या बॅटरीची पातळी भराभर उतरते, आंबूस वास येतो. सीलबंद बॅटरीच्या बाजू फुगतात आणि ती आतून सुकते. बल्बही लागोपाठ उडतात. तपासणीसाठी आधी बॅटरी धडधाकट हवी, कारण मेलेल्या सेलमुळे मीटरवरचा आकडा फसवतो. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. रेस वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५ यावेत. काटा रेसबरोबर चढत १५ च्या पुढे गेला की दोष पक्का.

तरीही दोष डबीचाच असे नाही. काही गाड्यांत बॅटरीचे व्होल्टेज सांगणारी वेगळी वायर इग्निशन स्विचमधून येते. स्विच किंवा कपलर गंजला तर रेग्युलेटरला खरे त्यापेक्षा कमी व्होल्टेज दिसते आणि तो जादा वीज सोडतो. नवा आरआर बसवून दोन दिवसांत पुन्हा तीच तक्रार येते ती यामुळेच.

बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. कपलरच्या वितळलेल्या पिना तशाच ठेवू नयेत. नव्या रेग्युलेटरलाही त्या जाळतात. सुट्या भागांसाठी पुण्यातले गॅरेजवाले नाना पेठ गाठतात. तिथे दिसायला सारख्या दोन डब्या मिळतात, पण एक सिंगल फेजची, दुसरी थ्री फेजची असू शकते. मॉडेल सांगूनच माल घ्यावा. डबी स्वच्छ धातूवर, वारा लागेल अशी घट्ट बसवून पुन्हा मीटर लावावा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग पाहण्याची जुनी खोड आता महागात पडते. व्होल्टेजच्या झटक्याने कंट्रोल युनिट जळू शकते.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम सुरू राहू लागला आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनी फ्युएल इंजेक्शन जवळपास सर्वत्र आणले. या गाड्यांत हौसेने हॅलोजन काढून एलईडी बसवला की लोड घटतो, आणि थायरिस्टरचा रेग्युलेटर तेवढीच वीज अर्थला सोडत अधिक तापतो. पूर्वी मेलेल्या बॅटरीवरही किक मारून घर गाठता येई. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांना पंप आणि इंजेक्टरसाठी धड व्होल्टेज लागते, म्हणून चार्जिंगचा बिघाड लवकर उघडकीस येतो.