शाहूपुरीचे मतदार

कोल्हापूर स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच शाहूपुरी लागते. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे नंबर घातलेले रस्ते आहेत. जुन्या पेठांमध्ये असं दिसत नाही, कारण ही वस्ती वाढत वाढत झालेली नाही, ठरवून वसवलेली आहे. १८९१ साली रेल्वे आली, १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला आणि १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी गावाबाहेर ही पेठ उभी राहिली. मग गुजराती, मारवाडी, लिंगायत, जैन असे सगळेच इथे येऊन राहिले. शेजारी कुंभार गल्लीही आहे.

आता थोडं महाराजांबद्दल. गादीवर आले तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्यांसाठी राखल्या. हे आपण शाळेत शिकलोय. पण नोकरीवरच ते थांबले नाहीत. कायदेमंडळातही मागासलेल्यांना वेगळं प्रतिनिधित्व हवं, असा त्यांचा आग्रह होता. १९१९ च्या कायद्याने मुंबई कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव झाल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तर सरळ सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी आंबेडकरांच्या रूपाने मिळालाय. स्वतः राजा, कुणी निवडून दिलेला नाही, आणि लोकांना सांगतो की तुमच्यासाठी बोलणारा तुमच्यातलाच हवा! मला ही गंमत फार मोठी वाटते.

म्हणूनच पुढचं खटकतं. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक २०१५ मध्ये झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासकाचं राज्य होतं. त्याच काळात, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगेचं पाणी कुंभार गल्लीत शिरलं. गणपतीच्या मूर्ती घरात असताना! व्यापाऱ्याची ओळख असते, संघटना असते, तो कुणाला तरी फोन लावू शकतो. कुंभाराने कुणाकडे जायचं? त्याला हक्काने भांडायला एकच माणूस असतो, नगरसेवक. आणि तीच खुर्ची रिकामी होती.

प्रशासक चांगला असू शकतो, नाही असं नाही. पण पुढच्या वेळी तो आपल्या दारात मतं मागायला येणार नसतो. मतदार यादीत शेठ आणि कुंभार यांची एकेकच ओळ असते. मतदान असलं तरच ती बरोबरी उपयोगाची, नाहीतर ती नुसती यादी.

महाराजांचं नाव स्टेशनला आहे, पेठेला आहे. पुतळे आहेत, जयंत्या होतात. पण त्यांचा विचार पाळायचा असेल तर निदान निवडणूक वेळेवर व्हावी, एवढं तरी आपण मागायला हवं ना?