तारांकित प्रश्न

तारांकित प्रश्न : विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या सदस्याने मंत्र्याला विचारलेला, आणि ज्याचे मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते असा प्रश्न. कामकाजाच्या यादीत त्याच्या क्रमांकाजवळ तारा छापतात. तारा नसलेल्या प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. फरक एवढाच दिसत असला तरी तो साधा नाही. तोंडी उत्तराच्या मागोमाग उपप्रश्न विचारता येतात आणि लेखी उत्तराला विचारता येत नाहीत. तारांकित प्रश्नाचे सगळे वजन या उपप्रश्नांत आहे. छापलेला प्रश्न हे बहुतेक वेळा उपप्रश्नापर्यंत पोहोचण्याचे निमित्त असते.

कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा हक्क भारतात उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला कौन्सिल मिळाले, १८६२ मध्ये त्याचे कामकाज सुरू झाले. परंतु समोर आलेल्या विधेयकावर बोलण्यापलीकडे सदस्यांना काही करता येत नसे. सरकारला एखाद्या कारभाराचा जाब विचारणे त्यांच्या अधिकाराबाहेर होते. १८९२ च्या सुधारणेने प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण ती हात राखून : उपप्रश्न नाही, उत्तरावर चर्चा नाही, आणि प्रश्न नाकारण्याचा अधिकार अध्यक्षस्थानी बसणाऱ्याकडे. फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले हे मुंबईच्या कौन्सिलात बसले तो हा काळ. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी उपप्रश्न आणला, मात्र तो मूळ प्रश्नकर्त्यानेच विचारायचा. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर, १९२१ पासून, कोणाही सदस्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला गेला. शिक्षण, आरोग्य यांसारखी ‘सोपीव’ खाती याच वेळी प्रांतांतील मंत्र्यांकडे आली. त्याआधी प्रश्न ‘सरकार’ नावाच्या एका अमूर्त वस्तूला विचारला जाई. आता शाळा आणि दवाखान्यांबद्दल उत्तर देणारा एक माणूस समोर होता.

या नव्या हक्काचा जाणीवपूर्वक वापर करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर येतात. १९२७ मध्ये ते मुंबई कौन्सिलात नामनियुक्त सदस्य म्हणून आले आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधानसभेत विरोधी बाकावर बसले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या मालिकेत कौन्सिलातील त्यांच्या भाषणांबरोबर सरकारशी झालेली प्रश्नोत्तरेही दिली आहेत. ती भाषणांइतकी वाचली जात नाहीत, हे नुकसानच आहे. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष असलेले गणेश वासुदेव मावळंकर पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. मुंबईत बसलेली प्रश्नोत्तरांची शिस्त त्यांच्याबरोबर दिल्लीलाही गेली.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेत किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. मंत्रालयांचे गट पाडलेले असून आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका गटाची पाळी असते. सूचना इतक्या येतात की कोणाचा प्रश्न वर लागणार हे सोडतीने ठरते. यादीत वरचा क्रमांक लागणे हे निम्मे नशीब, कारण तासाभरात चार-पाच प्रश्नांपलीकडे गाडी सहसा जात नाही आणि उरलेल्यांची उत्तरे छापील स्वरूपात पटलावर जातात. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत विसाच्या वीस तारांकित प्रश्न पुकारले गेले, तेव्हा १९७२ नंतर प्रथमच असे घडल्याची नोंद झाली. राज्यसभेने गोंधळात प्रश्नांचा तास वाहून जाऊ नये म्हणून २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून तो सकाळी ११ ऐवजी दुपारी १२ ला नेला. गोंधळानेही आपली वेळ बदलून घेतली.

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी विधानमंडळ सचिवालयात द्याव्या लागतात. म्हणजे प्रश्न मांडला जातो तेव्हा प्रसंग शिळा झालेला असतो. ताज्या घटनेसाठी अल्पसूचना प्रश्न आहे, पण तो मंत्र्याने मान्य केला तरच लागतो. त्यामुळे तातडीचा विषय घेऊन आलेला आमदार लक्षवेधी सूचनेकडे वळतो. विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. मंत्र्याचे निवेदन आणि त्यावर प्रश्न असे तिचे स्वरूप असते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, आणि मोठ्या धोरणात्मक विषयावर नियम २९३ खाली चर्चा होते. वर्तमानपत्रांतून ‘लक्षवेधी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. तारांकित प्रश्न मात्र सरकारी कचेऱ्यांतच अधिक ओळखीचा राहिला.

मराठी तारांकित प्रश्नाची घडण ठरलेली आहे. ती इतकी पक्की आहे की एखाद्या गद्यप्रकारासारखी तिची चर्चा करावी. पहिल्या उपभागात वस्तुस्थिती : अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत असल्याचे ‘माहे जून महिन्यात वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय’. (‘माहे’ आणि ‘महिन्यात’ यांचे एकत्र येणे विधानभवनात कोणाला खटकत नाही.) मग ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’, मग ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ ‘वा त्या दरम्यान’ ही सोय फार विचाराने आलेली आहे. नेमकी तारीख दिली आणि ती एका दिवसाने चुकली, तर ‘हे खरे नाही’ एवढ्यावर विभाग मोकळा होतो.

उत्तराचीही अशीच परिभाषा बनली आहे. ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘माहिती घेण्यात येत आहे’, ‘कार्यवाही प्रगतीपथावर आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या उपभागाला ‘हे खरे नाही’ म्हटले की पुढच्या सगळ्या उपभागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता येते; म्हणून मुरलेला आमदार पहिला उपभाग नाकारता येणारच नाही असा लिहितो. ‘अंशतः खरे’ हे सर्वांत बोलके उत्तर. कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, हे विभागाला सांगायचे नसते. उपप्रश्नाची जागा बहुधा तिथेच असते.

काय विचारू नये याचेही नियम आहेत. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप, विशेषणे नकोत. अभिप्राय मागू नये, काल्पनिक परिस्थितीवर विचारू नये, न्यायप्रविष्ट बाब असू नये, सहज मिळणाऱ्या प्रकाशनात असलेली माहिती मागू नये. राज्यांचे नियमही साधारण याच वळणाचे. मान्य-अमान्य करण्याचा अधिकार विधानसभेत अध्यक्षांचा, परिषदेत सभापतींचा. मंत्र्याचे उत्तर अपुरे वाटले तर पीठासीन अधिकारी ‘प्रश्न राखून ठेवतात’. मग तोच प्रश्न नंतरच्या दिवशी पुन्हा लागतो. मंत्र्याला सर्वांत टोचते ते हेच, कारण त्याची तयारी नव्हती हे अधिकृतपणे नोंदले जाते.

प्रश्नाचा खरा प्रवास सभागृहाबाहेर होतो. मंत्रालयात आणि जिल्हा कचेऱ्यांत तो ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) या आद्याक्षरांनी ओळखला जातो. गोव्यातही हाच शब्द चालतो. तिथे ४० सदस्यांच्या छोट्या सभागृहात एकेका आमदाराच्या वाट्याला येणारा वेळ महाराष्ट्रापेक्षा कितीतरी मोठा. एलएक्यू आला की कक्ष अधिकारी आयुक्तालयाला लिहितो, आयुक्तालय जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. आणि जिथे ती रिकामी खुर्ची किंवा बंद पडलेली रुग्णवाहिका प्रत्यक्ष असते तिथल्या माणसाला ‘आजच्या आज’ माहिती द्यावी लागते. अधिवेशनाच्या काळात रजा मिळणे अवघड होते. माहिती उलट्या वाटेने वर येते, प्रत्येक टेबलावर थोडी गुळगुळीत होते, आणि मंत्र्यासाठी उत्तराच्या मसुद्याबरोबर एक टिपणी तयार होते. तिच्यात कोणते उपप्रश्न येऊ शकतात आणि त्यांना काय सांगावे हे लिहिलेले असते. सभागृहात सचिव आणि उपसचिव अधिकाऱ्यांच्या दीर्घेत बसतात आणि अडलेल्या मंत्र्याकडे चिठ्ठी पोहोचते.

या वाटेवरच पुष्कळ प्रश्नांचे काम होऊन जाते. रखडलेली शिष्यवृत्ती, महिनोन्‌महिने न आलेले मानधन, दुरुस्तीविना पडलेली आश्रमशाळा अशा प्रकरणात उत्तर लिहायची वेळ आली की ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असे लिहिता यावे म्हणून आधी कार्यवाही उरकली जाते. सभागृहात प्रश्न पुकारलाच नाही तरी हे घडते. याची दुसरी बाजू अशी की ‘प्रश्न लावतो’ हे वाक्य धमकी म्हणूनही वापरले जाते, आणि लागलेल्या प्रश्नाच्या दिवशी प्रश्नकर्ताच गैरहजर का, याची कुजबुज विधानभवनाच्या आवारात नवी नाही.

उपप्रश्न किती दूर जाऊ शकतो याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे १९५७ चे मुंदडा प्रकरण. नव्याने राष्ट्रीयीकृत झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या व्यावसायिकाच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले होते. सप्टेंबर १९५७ मध्ये राम सुभग सिंग यांनी लोकसभेत याविषयी प्रश्न विचारला. सरकारचे उत्तर मोघम होते. फिरोज गांधी यांनी त्या मोघमपणावर बोट ठेवले, कागदपत्रे जमवली आणि डिसेंबरमध्ये चर्चेत विषय लावून धरला. हे दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे, आणि फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मदअली करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्याने मुंबईत उघड सुनावणी घेऊन काही आठवड्यांत अहवाल दिला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. पुढे मधू लिमये यांनी हे हत्यार अधिक पद्धतशीर केले. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधून निवडून गेलेले लिमये नियमपुस्तक आणि सरकारी अहवाल घेऊन सभागृहात उतरत. त्यांच्या उपप्रश्नाला उत्तर देताना मंत्र्यांना आपलीच जुनी उत्तरे आठवावी लागत. सत्ताधारी बाकावरचे फिरोज गांधी मात्र आज दुर्मीळ झाले आहेत. सत्ताधारी सदस्याचा प्रश्न आता बहुधा ‘मंत्रिमहोदयांनी केलेल्या कामाबद्दल अभिनंदन’ अशी सुरुवात करतो.

मंत्र्याने ‘तपासून पाहू’, ‘महिनाभरात निर्णय घेऊ’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते. लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती असून पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत धरली जाते. महाराष्ट्रातही अशी समिती आहे. आश्वासने मुदतीत पुरी न होणे हा नित्याचा प्रकार आहे, तरीही समिती सचिवांना बोलावून साक्ष घेऊ शकते, म्हणून अनुभवी मंत्री ‘आश्वासन’ हा शब्द जपून टाळतात.

प्रश्नांचा तास बंद ठेवण्याचे प्रसंगही घडले आहेत : १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी, १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाल्यानंतर भरलेल्या अधिवेशनात, आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोविडच्या साथीत. शेवटच्या वेळी लेखी प्रश्न चालू ठेवले होते. उपप्रश्नाशिवायचे उत्तर म्हणजे काय, हे त्या अधिवेशनात पाहायला मिळाले.

प्रश्न हा विशेषाधिकार असल्याने त्याचा सौदा केल्यास शिक्षाही सभागृहच देते. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे छुप्या चित्रणातून उघड झाल्यावर डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक अशा अकरा खासदारांना काढून टाकण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला. सूचना संगणकावरून देण्याची सोय आल्यानंतर संकेतशब्द दुसऱ्याच्या हाती देण्याचा मुद्दा उभा राहिला, आणि महुआ मोइत्रा यांना डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेतून काढताना तोच केंद्रस्थानी होता.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात, संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारू नये, असे एक परंतुक होते. त्याच्या आधारे प्रश्नकर्त्या आमदाराचे माप सामान्य अर्जदारालाही लागू होत असे. ते परंतुक ज्या पोटकलमात होते, ते वैयक्तिक माहितीविषयीचे पोटकलम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बदलले, आणि नव्या मजकुरात परंतुक ठेवलेले नाही.